पठारावर अर्धी राहिलेली प्रार्थना

परवा व्हिडिओ कॉलवर धाकटीने विचारलं, "आजी, आजोबा सगळ्याला आमेनच का म्हणतात?" मोठ्याने तिला कोपराने ढोसलं, तेही मला दिसलं. ढोसू नकोस तिला. तिचा प्रश्न बरोबर होता. मी "नंतर सांगते" म्हणून विषय बदलला, ते चूक होतं. "नंतर" हा शब्द निदान मी तरी आता वापरायला नको. म्हणून हे लिहायला बसले आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे माहीत आहे, म्हणून सोपं लिहिते. अडलं तर बाबांना विचारा.

डॉक्टरांनी दिलेलं कारण आधी लिहिते. दोन वर्षांपूर्वी आजोबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेले, आणि बोलणं गेलं. पाय थोडा परत आला. बोलणं आलं नाही. जे शब्द माणूस लहानपणापासून हजारो वेळा म्हणतो, ते मेंदूत वेगळ्या जागी राहतात म्हणे, आणि कधीकधी तेवढेच वाचतात. कुणाचे आकडे वाचतात, कुणाची शिवी वाचते. आजोबांचं आमेन वाचलं. चहा हवा, आमेन. पंखा बंद कर, आमेन. मान हलवून होय-नाही करतात, पण त्यांच्या होय-नाहीची अदलाबदल होते, त्यामुळे त्यावर विसंबता येत नाही. आठवड्यातून दोनदा एक मुलगी त्यांना बोलायचा सराव द्यायला येते. ती म्हणते, "आजी, एक शब्द आहे हेही पुष्कळ आहे." तिचं खरं असेल. पण तो शब्द खरं तर माझा होता, आणि मी तो कसा वापरला हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही.

आजोबा बोलके कधीच नव्हते. पाटबंधारे खात्यात सर्व्हेअर होते, आयुष्य दुर्बिणीतून बघण्यात गेलं. घरात "हं" आणि "बरं" यावर दिवस निघायचा. मी शाळेतली बाई, मला दिवसभर बोलायची सवय. पण जेवणाआधी प्रार्थना मात्र तेच करायचे, आणि प्रार्थनेत त्यांना वाचा फुटायची. मला सांगायच्या गोष्टी ते देवाला सांगायचे आणि मी ऐकून घ्यायची. लग्नानंतर चार-पाच वर्षांनी एकदा वरणभात वाढलेला असताना म्हणाले, "हे प्रभो, समुद्राकाठच्या दमट हवेत माझ्या छातीला जप."

मी डोळे उघडले. "कोण चाललंय समुद्राकाठी?"

"आधी आमेन म्हण."

अशी मला त्यांची कोकणात झालेली बदली कळली. तुमचे बाबा स्कूटरवरून पडले, तेही मला असंच कळलं. आधी हाडं मजबूत ठेवल्याबद्दल देवाचे आभार झाले, मग मला प्लॅस्टर दिसलं.

या प्रार्थना लांबत. प्रत्येक नवा मुद्दा "तसेच" या शब्दाने सुरू व्हायचा, सरकारी पत्रात असतो तसा. तसेच शेजाऱ्यांच्या गाईला. तसेच पाळकसाहेबांच्या गुडघ्याला. माझं सगळं घड्याळावर चालायचं. सव्वासातची शाळा, डबे, गरम पोळ्या. म्हणून मी एक नियम केला. दोन तसेच ऐकायचे, तिसऱ्याला मोठ्याने आमेन म्हणायचं. तुमचे बाबा लहान होते, त्यांना हा खेळच झाला. बोटं मोजत बसायचे आणि माझ्याबरोबर ओरडायचे. आजोबा थांबायचे, हसायचे आणि ताटाला हात लावायचे. त्यांनी कधी तक्रार केली नाही, त्यामुळे मला तो नियम चांगला वाटायचा.

आता त्या दिवसाकडे येते.

तुमच्या बाबांनी आम्हाला एक तंबू पाठवला होता, आठवतो? निळा, पिशवीत गुंडाळलेला. तुम्ही तिकडे दर शरदात डोंगरात जाता, तसं आम्हीही जावं म्हणून. मी त्याला चिठ्ठी लावून कपाटात वर ठेवला. "तंबू, न वापरलेला." दोन वर्षं तो तिथेच राहिला.

आमच्या चर्चमध्ये दिवाळीनंतरच्या एका रविवारी उपकारस्तुतीची उपासना असते. जो तो आपल्या शेतातलं काही आणून वेदीसमोर ठेवतो. ऊस, हळद, शाळूचं बियाणं, भोपळे. आम्हाला शेत नाही, म्हणून आम्ही बाजारातून भोपळा नेत असू. त्या वर्षी त्या आठवड्यात आजोबा प्रार्थनेत म्हणाले, "हे बापा, विकतचा भोपळा तुला दरवर्षी देताना मला लाज वाटते. पाटणच्या वरच्या पठारावर आता नाचणी खुडायला आली असेल."

मी आमेन म्हणून विचारलं, "म्हणजे जायचंय का तिकडे?"

"तंबू आहे ना," ते म्हणाले.

ते पठार त्यांच्या तरुणपणातलं. लग्न झालं त्याच वर्षी ते मोजणीच्या कामावर सहा महिने तिथे तंबूत राहिले होते. मी सांगलीत नवी नोकरी धरलेली. त्यांनी पत्र लिहिलं होतं, पानभर हवापाणी आणि खाली एक ओळ: आठ दिवस येऊन जा, इथे फार छान आहे. मी उत्तरात सहामाही परीक्षेचं वेळापत्रक पाठवलं. तेव्हा मला ते गमतीचं वाटलं होतं. त्यांनी पुन्हा बोलावलं नाही.

या वेळी मी हो म्हटलं, पण माझ्या पद्धतीने. चेकलिस्ट केली, अठ्ठावीस वस्तूंची. वेळापत्रक केलं आणि गाडीत समोर चिकटवलं. शनिवारी सकाळी सहाला निघायचं. नऊला पायथ्याचं गाव. साडेनऊला चढायला सुरुवात. चारला तंबू. रविवारी सकाळी साडेदहाला उपासना, आणि त्यात शास्त्रवाचन माझ्याकडे होतं, म्हणून पठारावरून सहाला एखाद्या जीपने खाली निघणं भाग होतं.

आजोबांनी वेळापत्रक वाचलं. "बाई, यात मधली सुट्टी कुठे आहे?"

"पावणेबाराला. पंधरा मिनिटं."

"घंटा तूच देणार ना?"

वर आता गाडीरस्ता आहे, पण त्यांना जुन्या पायवाटेनेच जायचं होतं. तंबू त्यांच्या पाठीवर, बाकीचं माझ्या. पाऊस संपून महिना झाला होता. गवत गुडघ्याच्या वर आलेलं, वरून पिवळं आणि बुडाशी अजून हिरवं, आणि त्याच्या टोकदार बिया आमच्या मोज्यांत रुतत होत्या. खाली भाताची खाचरं कापून झाली होती. आजोबा दर वळणावर थांबून मागे बघायचे. मला वाटलं दम लागला. म्हणून मी घड्याळ बघत म्हणायची, "बसायचं का दोन मिनिटं?" त्यांना बसायचं नव्हतं. त्यांना बघायचं होतं, आणि मी बघावं असं वाटत होतं. हे मला आता कळतं. एकदा ते नुसते काठीने दाखवत उभे राहिले. समोरच्या डोंगरावर पवनचक्क्या फिरत होत्या, आणि त्यांच्या पात्यांच्या सावल्या उतारावरून सरकत होत्या. मी म्हटलं, "छान आहे हो. चला."

पठारावर पोचल्यावर ते एक दगड शोधू लागले. मोजणीसाठी त्यांनी स्वतः छिन्नीने बाणाची खूण केलेला दगड. त्याच्या शेजारीच त्यांचा तंबू असायचा. गवत काठीने बाजूला करत ते इकडून तिकडे फिरत होते, तरुण माणसासारखे. मी पाठोपाठ. पाऊण तास गेला.

"अहो, चार वाजत आले."

"इथंच कुठंतरी आहे."

"अंधार पडायच्या आत तंबू लागायला हवा. सकाळी बघू."

"सकाळी सहाला निघायचंय ना?" ते म्हणाले. रागाने नाही. नुसतं वेळापत्रक वाचल्यासारखं. मग काठी टेकून माझ्यामागे आले.

तंबू लावायला आम्ही एका नाचणीच्या वावराच्या कडेला जागा मागितली. वावर एका निवृत्त फौजीचं होतं. तो आणि त्याची बायको कणसं खुडत होती. आमची निळी पिशवी उघडल्यावर तो कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"आवं साहेब, घरदार असताना कापडात झोपायचं? मला सरकारनं सतरा वर्षं असंच झोपवलं. तवापासनं पत्र्याखाली झोपतोय तर राजा झाल्यागत वाटतंय."

"त्यास्नी हौस हाय, तुमाला हुकूम होता," त्याची बायको म्हणाली. "धरा की ती दोरी, बघत काय बसलाय."

त्याने दोरी धरली आणि अठ्ठावीस वस्तूंच्या यादीत नसलेला हातोडा घरून आणला. आजोबांनी नाचणी मागितली. कशाला, ते सांगितलं. ती बाई थोडा वेळ ऐकत राहिली. "म्हंजे देवाफुडं ठिवणार? मग ही नको, थांबा." आणि तिने बाजूला काढून ठेवलेल्या मोठ्या कणसांची एक पेंढी बांधून दिली.

दिवस मावळायला मी स्टोव्हवर खिचडी लावली. थंडी झपाट्याने उतरली. खिचडी ताटात वाढतच होते, तेवढ्यात ती दोघं आली. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेल्या नाचणीच्या भाकरी आणि वाटीत लसणाची चटणी. "गरम हायती, खावा लगेच," ती म्हणाली.

आजोबांनी डोक्यावरची टोपी काढली. हात जोडले. ती दोघंही मग हात जोडून उभी राहिली, चपला काढून, थंड गवतात.

आणि आजोबांनी प्रार्थना सुरू केली. त्यांचा आवाज घरात असायचा त्यापेक्षा मोकळा होता. या डोंगरासाठी आभार. या घरच्या माणसांसाठी, ज्यांनी अनोळख्यांना जागा दिली, त्यांच्यासाठी आभार. तसेच पाण्यासाठी, जे इथून खाली जाऊन सगळ्या मुलखाला पुरतं. तसेच माझ्या बायकोच्या पायांसाठी, ज्यांनी तिला आज इथवर आणलं.

मला संकोच वाटला. परकी माणसं अनवाणी उभी. भाकरी गार होत होत्या. माझ्या पायांचा जाहीर उल्लेख. मी एक डोळा किलकिला केला, तर फौजी अगदी ताठ उभा होता आणि बाईने डोळे मिटले होते. माझ्याशिवाय कुणालाच घाई नव्हती.

"तसेच, बापा," आजोबा म्हणाले, आणि थांबले. त्यांचा आवाज जरा बदलला. "याच पठारावर, त्या वर्षी, मी एकटा असताना तुझ्यापाशी जे मागितलं होतं..."

"आमेन," मी म्हटलं.

तिसरा तसेच होता. चाळीसहून जास्त वर्षांची सवय. माझ्या तोंडून ते निघून गेलं असं मी स्वतःला सांगते. पण निघून गेलं नाही. मी म्हटलं.

आजोबांनी डोळे उघडले. बाईनेही उघडले आणि माझ्याकडे बघितलं. "आवं, बोलू द्या की त्यास्नी," ती म्हणाली. "भाकरी कुठं पळती?"

मी हसून म्हटलं, "अहो, ह्यांचं रोजचंच आहे."

आजोबाही हसले, नेहमीसारखे, आणि टोपी घातली. सगळे जेवायला बसले. भाकरी खरंच फार चांगली होती. फौजीने सियाचीनच्या बर्फाच्या गोष्टी सांगितल्या, आणि त्याची बायको मध्येमध्ये "गेल्या खेपेला ह्येच दहा फूट हुतं, आज पंधरा झालं" म्हणत राहिली. आम्ही लवकर झोपलो. मी गजर लावला होता.

सकाळी उजाडायच्या आत फौजीने आम्हाला त्याच्या जीपने खाली सोडलं. नाचणीची पेंढी आजोबांच्या मांडीवर होती. ते मागे वळून बघत होते, पण बघण्यासारखं काही नव्हतं, सगळं धुक्यात होतं. दगड शोधायचा राहिला, हे दोघांनाही माहीत होतं.

पलूसच्या अलीकडे आम्ही उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलो. कारखाने सुरू झाले होते. पुढे सरकता येत नव्हतं आणि माझ्या वेळापत्रकात दहा मिनिटं जास्तीची होती, म्हणून मी विचारलं. हो, म्हणूनच. वेळ मिळाला म्हणून.

"काल प्रार्थनेत काय म्हणत होतात? त्या वर्षी काय मागितलं होतं?"

आजोबांनी पुढच्या ट्रॉलीतून लोंबणाऱ्या उसाकडे बघत थोडा विचार केला. "ते तिथलं होतं," ते म्हणाले. "तिथं गेल्यावर सांगतो. पुढच्या वर्षी."

"बरं, पुढच्या वर्षी," मी म्हटलं. "दगडही शोधू."

उपासनेला आम्ही वेळेत पोचलो. भोपळे आणि उसांमध्ये ती नाचणीची पेंढी लहानशी दिसत होती, पण आजोबा पूर्ण वेळ तिच्याकडेच बघत होते. मी शास्त्रवाचन केलं. नंतर सगळ्यांनी सांगितलं की स्पष्ट झालं. नव्या वर्षाची डायरी आली, तेव्हा मी नोव्हेंबरच्या एका शनिवारी लिहून ठेवलं: पठार, ह्यांचं राहिलेलं.

पण तो नोव्हेंबर यायच्या कितीतरी आधी, त्या रविवारनंतर तीन आठवड्यांनीच, दाढी करताना त्यांच्या हातातून वस्तरा पडला.

मुलांनो, मी शिक्षिका होते. उत्तर शोधायची मला सवय आहे. आता जेवणाआधी प्रार्थना मी करते, आणि कितीतरी महिने मी प्रार्थनेत अंदाज घालत आले. त्यांच्या जुन्या डायऱ्या काढल्या. त्यांत उंचीचे आकडे आहेत, पावसाचे आकडे आहेत, मागणं कुठे नाही. मग मी एकेक मांडून बघायची. प्रभो, त्या वर्षी ह्यांनी मुलासाठी मागितलं असेल, तर तू तो दिलास. आणि थांबायची. ते गप्प. त्यांच्या आईच्या आजारासाठी मागितलं असेल तर. गप्प. कायमच्या नोकरीसाठी असेल तर. एकदा याला आमेन आलं आणि मी पटकन डोळे उघडले, तर ते पंख्याकडे बोट दाखवत होते.

सगळ्यात शेवटचा अंदाज मी फार दिवस घातला नाही, कारण तोच खरा असेल अशी भीती होती. मी तिथे यावं एवढंच मागितलं असेल, तर देवाने द्यायला फार वर्षं लावली, आणि तीही माझ्यामुळे. आणि दिलं त्या संध्याकाळी, ते आभार मानत असताना, मी भाकरी गार होईल म्हणून ते तोडलं. हे खरं आहे की नाही, मला कधीच कळणार नाही. मी त्यांना मोजणीच्या नकाशावर ते पठार दाखवलं, तेव्हा त्यांनी डाव्या हाताचं बोट त्यावर ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. यावरून काही सिद्ध होत नाही.

परवा तुमचा तो कॉल झाल्यावर मी खिचडी वाढली आणि हात जोडले. त्या दिवशी अंदाज घातला नाही. म्हटलं, प्रभो, त्या दिवशीच्या डोंगरासाठी, गवतासाठी, त्या बाईच्या भाकरीसाठी आभार. तेव्हा मानायचे राहून गेले होते. आणि ह्यांचं बोलणं मी मध्येच तोडलं. आयुष्यभर तोडत आले. तुझ्यापुढे आणि ह्यांच्यापुढे मी क्षमा मागते. तसेच,

"आमेन," आजोबा म्हणाले. मोठ्याने, स्पष्ट.

मी डोळे उघडले. त्यांच्या डाव्या हातात चमचा होता आणि खिचडीची वाफ त्यांच्या चष्म्यावर आली होती. क्षमेला आमेन म्हणाले की खिचडीला, ते मी ठरवलेलं नाही. ते जेवू लागले. मी परत डोळे मिटले आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले.